सीलबंद सव्वीस

२८ ऑगस्ट २०२५, गुरुवार

लाईट गेली. दहा म्हणजे बरोबर दहाला! आमच्या भागात दुरुस्तीसाठी वीज गुरुवारीच बंद ठेवतात, कारण कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. म्हणजे आख्ख्या आठवड्यात ज्या एका दिवशी मला गेम खेळायला वेळ आहे, त्याच दिवशी गेमच्या मशीनला वीज नाही. हे ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात कधी गेम खेळली नसणार!

म्हणून तर आमचं गुरुवार मंडळ निघालं. खेळता येत नाही ना, मग निदान नवीन काय घेतलं ते तरी एकमेकांना दाखवू. अकरा वाजता गणराजच्या घरी. गणराज मूळचा रहाटणीचाच. घरची शेतं जाऊन तिथे भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्यामुळे त्याचा हॉल एवढा मोठा की चौघं बसलो तरी आवाज घुमतो. गणपती बसलेले, त्याच्या आईने मोदक दिले. ताटात मोदक, मांडीवर गेमचे डबे.

मी 'भुयारवाली' दाखवली. (खरी नावं परदेशी आणि लांबलचक. मंडळात आम्ही आपली नावं ठेवतो.) गणराजने 'घोडेवाली'चा दुसरा भाग घेतला, आणि पहिला भाग अजून त्याने उघडलेला नाही. प्राजक्ता भोसरीला डिझाइन खात्यात आहे, ती सगळं कॉम्प्युटरवर सेलमध्ये घेते. दोनशे चौदा गेम्स! पण हिचा ढीग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून हिच्या घरी भांडण नाही. आणि भिमाजीकाका दापोडीहून बसने पिशवी घेऊन येतात. टूलरूममधला माणूस, मार्चमध्ये रिटायर होणार. एकसष्ट गेम्स जमवल्यात, एकही उघडलेली नाही. "रिटायर झालो की खेळणार." पीएफसारख्या साठवून ठेवल्यात!

चार माणसं, तीनशेच्या वर गेम्स. हसून हसून मोदक घशात अडकला.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दसऱ्यापर्यंत नवीन घेणार नाही. लिहून ठेवतो म्हणजे पक्कं.

३० ऑगस्ट, शनिवार

एक घेतली. होडीवाली. दुकानदार मालोजीभाऊंनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. पिंपरीत एवढी दुकानं, पण गेम्सचं खरं ज्ञान असलेलं दुकान एकच. पुढे मोबाईलची कव्हरं टांगलेली, मागे खजिना.

घरी येऊन सोफा झाडला. फटीत चार रबरबँड सापडले. माझी बायको रुपाली पॅकिंगला आहे ना, तिच्या कंपनीतले. खिशातून पडत असतील. डब्यात टाकून ठेवले.

३१ ऑगस्ट, रविवार

आज रुपालीची सुट्टी, माझी नाही. माझी गुरुवारी, तेव्हा तिला नाही. माझी बस पहाटे साडेपाचला, तिची साडेदहाला. मी चारला घरी, ती पावणेनऊला. साडेनऊला माझे डोळे मिटतात. म्हणजे रोजचा पाऊण तास संसार! त्यात भाजी काय, पाणी आलं का, लातूरहून आईचा फोन आला का.

तक्रार नाही. दोघांच्या कंपन्या आहेत म्हणून तर ही दोन खोल्यांची जागा स्वतःची झाली. पण आज चारला आलो तर ती दारात उभी होती आणि मला उगाच पाहुण्यासारखं वाटलं. हे इथेच लिहितो, तिला सांगायचं नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

कंपनीत ऑडिट. साहेब माझ्या स्टोअरमध्ये फिरले. जी वस्तू वर्षभर कुणी हातात घेतली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची. चिठ्ठी लागली की माल बाहेर, ज्याला हवा त्याने न्यावा. आणि जो माल आधी आला तो आधी निघाला पाहिजे. माझं स्टोअर पैकीच्या पैकी! साहेब म्हणाले, "शेखर, तुमच्यासारखं स्टोअर चाकणमध्ये दुसरं नाही."

मी म्हटलं, सील बघून मोजतो साहेब. सील शाबूत, माल शाबूत. डबा उघडायची गरजच पडत नाही.

येताना बसमध्ये एकदम डोक्यात आलं — आणि घरचं स्टोअर?

४ सप्टेंबर, गुरुवार

मंडळात लाल चिठ्ठीचा प्रस्ताव मांडला. वर्षभर न उघडलेली गेम आणायची, सगळ्यात जुनी आधी, एका गुरुवारी एकच. ज्याला हवी त्याने न्यायची आणि त्याच आठवड्यात सुरू करायची. गणराज म्हणाला, "आरं, कंपनीतून सुटका म्हणून हितं येतो आन् तू हितं बी ऑडिट लावतो व्हय!" पण ठराव पास झाला. भिमाजीकाकांनी विरोधात मत दिलं. त्यांच्या एकसष्टच्या एकसष्ट लाल निघाल्या असत्या. त्यांना मार्चपर्यंत सूट.

प्राजक्ताने विचारलं, "तू स्वतः शेवटचं मशीन कधी लावलंस?" मी म्हटलं, परवाच. खोटं! मे महिन्यात असावं. मी मंडळाचा अध्यक्ष, आणि चार महिने मशीनला हात नाही. पण मशीनवर धूळ मात्र कणभर नाही. रुपाली पुसत असणार.

७ सप्टेंबर, रविवार

मोजणी केली. कपाटावर सीलबंद सव्वीस. एकेक उतरवून तारखेने लावल्या. रुपाली भाजी निवडत बघत होती.

"एवढ्यातल्या किती खेळलात?"

मी म्हटलं, वेळ मिळतो कुठे.

"सील फोडल्याशिवाय कसं कळणार तुम्हाला, कुठली कामाची आन् कुठली बिनकामाची?"

हिचं एकेक बोलणं! मी म्हटलं, त्यालाच सिस्टीम म्हणतात.

सगळ्यात जुनी 'दोरीवाली'. ती हातात आली आणि जरा थांबलो. तीन वर्षांपूर्वी रुपालीच्या वाढदिवसाला आणलेली. दोघांनीच खेळायची गेम. दोन माणसं एका दोरीने बांधलेली, डोंगर पार करायचा. एकटा कुणी पुढे जाऊच शकत नाही. मला वाटलं होतं, रोज पाऊण तास का होईना, दोघं मिळून खेळू.

पण त्याच आठवड्यात औशाहून माझे चुलतभाऊ आले होते, आणि मी हौसेने रुपालीच्या हातात रिमोट दिला, दुसऱ्याच एका साध्या गेमसाठी. तिने उलटा धरला. तिचा माणूस सारखा पाण्यात पडायचा. भाऊ हसले. खरं लिहायचं तर सगळ्यात जास्त मी हसलो. तिने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, "मला न्हाई जमत ते." त्यानंतर कधी हात लावला नाही. दोरीवाली तशीच राहिली. दरवर्षी वाटतं, यंदा विचारू. विचारत नाही. परत नाही म्हणाली तर?

सगळ्यात जुनी म्हणजे पहिली लाल चिठ्ठी हिलाच. नियम मीच केला.

११ सप्टेंबर, गुरुवार

दिली. रुपाली कामावर गेल्यावर पिशवीत घातली. गणराजने घेतली, त्याचं लग्न मे महिन्यात झालंय. "बायकूला शिकवतो राव," म्हणाला. मी हसत हसत दिली. घरी येताना पिशवी हलकी होती आणि मला मात्र जड झालं होतं. असो! माल पडून राहण्यापेक्षा कुणाच्या तरी कामाला येवो.

संध्याकाळी सहाला गणराजचा फोन. "शेखरभाऊ, डब्यात सीडीच न्हाई राव! कागूद हाय, सीडी न्हाई."

मी म्हटलं, नीट बघ.

"आरं सील म्या सोता फोडलं. आत निस्ती हवा!"

मालोजीभाऊ!! तीन वर्षांपूर्वी मला रिकामा डबा सील करून विकला! स्टोअरचा माणूस मी, आणि तीन वर्षं रिकामा डबा सांभाळला. कुणाला सांगायची सोय नाही.

रुपाली पावणेनऊला आली. पर्स ठेवताठेवताच तिची नजर कपाटावर गेली. "ती दोघांची कुठंय?"

"गणराजला दिली. तुला कुठं खेळायची होती."

"त्यांनी उघडली का?"

"नाही अजून," मी म्हटलं. रिकाम्या डब्याचं सांगायला लाज वाटली.

"बरं," म्हणाली. मग जेवायला बसलो. मला दोनदा वरण वाढलं, स्वतःला वाढायचं विसरली.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

शिफ्ट सुटल्यावर गणराजकडून डबा आणि फाडलेलं प्लास्टिक घेतलं, तडक मालोजीभाऊंच्या दुकानात. तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी मागचापुढचा विचार केला नाही. "जुना माल नवा म्हणून विकता, तो पण रिकामा!" सगळ्यांसमोर बोललो. गिऱ्हाइकं एकेक करून निघून गेली. मग मालोजीभाऊंनी ते प्लास्टिक माझ्या हातातून घेतलं, उजेडात धरलं, आणि शेजारी एक नवी गेम ठेवली.

"ही बघ कंपनीची पॅकिंग. दोन्ही टोकांना पाकिटासारखी घडी. आणि हे तुझं बघ. कडेने वितळवलेली शिवण, आणि हवा जायला दोन टोचे. असलं सील गेमला कुठं असतं? हे कारखान्यातल्या पार्टच्या पॅकिंगचं आहे. पंधरा वर्षं दुकान चालवतोय शेखर, असं कुणी बोललं नव्हतं."

मी ती शिवण बघितली. परत उजेडात धरून बघितली. कारण ही शिवण मी रोज बघतो! वॉशरचे पुडे येतात आमच्या स्टोअरला — कडेने शिवण, दोन टोचे. रुपालीच्या कंपनीतून येतात.

मालोजीभाऊंना "उद्या येतो" एवढंच म्हणालो आणि घरी पळालो. सव्वासहा. रुपाली यायला अडीच तास. कपाटावरच्या पंचवीस गेम्स खाली उतरवल्या. सतरा डब्यांना कडेने शिवण. सतरा! आठवड्याला हजार पुड्यांची सीलं तपासणारा मी, माझ्या डोक्यावरच्या कपाटातलं सील मला दिसलं नाही.

मग मशीन लावलं. पडद्यावर दोन नावं आली. एक माझं. दुसरं आज पहिल्यांदा वाचलं, कारण मी नेहमी न बघता माझं नाव दाबतो: 'पॅकिंगवाली'.

सतरातल्या सोळा संपवलेल्या! भुयारवाली सोडून. ती निम्मी झालीय, म्हणजे मी आणल्यापासून पंधरा दिवसांत! मी बसमध्ये डुलक्या घेत चाकणला पोहोचतो, तेव्हा माझी बायको इथे बसून राक्षस मारते. रोज पहाटे. मग पोळ्या करते, मग कंपनीच्या प्लास्टिकने डब्याला सील लावते, मग कामावर जाते. दहा मिनिटं मी नुसता हसत बसलो. एकटाच, वेड्यासारखा.

मग दिसलं, दोरीवालीची सीडी मशीनमध्येच होती. शेवटची खेळलेली बुधवारी सकाळी सहा दहाला. लावली. एक दरी, त्यावर ओढून घ्यायचा पूल. अलीकडे दोन माणसं उभी, दोरीने बांधलेली. दोघांनी एकाच वेळी दोन बाजूंनी ओढलं तरच पूल येतो. खाली आकडा — प्रयत्न: दोनशे बारा.

खणात दुसरा रिमोट होता. त्यावरच्या दिशा देणाऱ्या काडीला रबरबँड गुंडाळलेला, काडी एका बाजूला ओढून धरायला. म्हणजे दुसऱ्या माणसाचं काम रबर करत होतं! एका रिमोटला दोन हात, दुसऱ्याला रबर. दोनशे बारा वेळा.

तिला इतर सतरा गेम्स खेळायच्या नव्हत्या. ती शिकत होती. परत कुणी हसू नये म्हणून. मी हसू नये म्हणून. आणि मी त्याच गेमला लाल चिठ्ठी लावून देऊन टाकली.

रडलो. लिहायला हरकत नाही, ही वही कुणी वाचत नाही.

सगळं होतं तसं ठेवलं. सीडी मशीनमध्ये, रबर काडीला. तिला कळता कामा नये की मला कळलंय. तिची तयारी झाली की ती स्वतः सांगेल. तो दिवस तिचा आहे, मी खायचा नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

मालोजीभाऊंकडे गेलो. हात जोडले. ते म्हणाले, "कसं आहे शेखर, बोललास तेव्हा गिऱ्हाईक होतं. आता गिऱ्हाईक येऊ दे, मग माफी माग." बरोबर होतं त्यांचं. स्टुलावर बसलो. पस्तीस मिनिटं कुणी फिरकलं नाही! शेवटी एक बाई कव्हर घ्यायला आली. तिच्यासमोर उभा राहून म्हटलं, "मालोजीभाऊ, माझं चुकलं, तुमच्या मालात खोट नाही." ती बाई घाबरून दोन पावलं मागे सरकली. मालोजीभाऊंनी मग चहा मागवला.

चहावर त्यांना सगळं सांगितलं. ऐकून ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मी म्हटलं, हा डबा आज परत कपाटावर गेला पाहिजे, सील करून. "रिकामा?" रिकामाच. सीडी जागची हलवायची नाही. "रिकामा डबा सील करून नेणारं तू माझं पहिलं गिऱ्हाईक!" पण केलं. प्लास्टिक कापलं, दोन्ही टोकांना पाकिटासारखी घडी घातली, केस वाळवायचं मशीन फिरवलं. असं फर्स्ट क्लास काम! अगदी कंपनीतून आल्यासारखं.

रात्री जेवायच्या आधी रुपालीला म्हटलं, "गणराजने परत दिली. उघडलीच नाही त्याने." ती म्हणाली, "बरं झालं." डबा माझ्या हातातून घेतला. जरा वेळ हातात धरून उभी राहिली. मग स्वतःच्या हाताने कपाटावर ठेवला. जेवताना आज चार गोष्टी बोलली. सुपरवायझरची नक्कल पण करून दाखवली!

जमलं!!

१५ सप्टेंबर, सोमवार

घरी आल्यावर पहिलं काम, मशीन लावून बघणे. स्टॉक रजिस्टरसारखं. भुयारवालीत पुढे गेलीय. दोरीवाली — हात नाही.

दोन्ही रिमोट चार्जिंगला लावले आणि होते तसे ठेवले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दोरीवाली — हात नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

मंडळाला सांगावंच लागलं, कारण गणराजने रिकाम्या डब्याची गोष्ट आधीच सगळ्यांना सांगून ठेवली होती. सगळं सांगितलं. मग प्राजक्ता म्हणाली, "म्हणजे मंडळात सगळ्यात जास्त गेम्स संपवणारी व्यक्ती मंडळात नाहीच!" अध्यक्षपद रुपालीला द्यावं असा ठराव आला. मी अनुमोदन दिलं.

सांगू का तिला? गणराज म्हणतो, "इचारून टाक राव, घरचंच मानूस हाय." प्राजक्ता म्हणते, अजिबात नको. भिमाजीकाकांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. कसला तरी विचार करत होते. आज पिशवी घेऊन लवकरच निघाले.

२१ सप्टेंबर, रविवार

दोरीवाली — हात नाही. दहा दिवस झाले. भुयारवाली संपवली, होडीवाली सुरू केली, पण पुलाकडे फिरकत नाही.

मला वाटतं तिने सोडून दिली. त्या दिवशी मी म्हणालो ना, तुला कुठं खेळायची होती. तीन वर्षांची तयारी आणि मी एका वाक्यात निकालात काढली. आता डबा परत आणून काय उपयोग? आज ती समोर बसून घटस्थापनेसाठी परडीत माती चाळत होती, आणि दोनदा तोंडाशी आलं. तिने वर बघितलं. "काय?" म्हटलं, काही नाही. गहू भिजवलेस का?

२५ सप्टेंबर, गुरुवार

भिमाजीकाकांचा अहवाल! गेल्या गुरुवारी घरी जाऊन त्यांनी एकसष्ट डब्यांची सीलं तपासली. भिंग लावून. वाटलं होतं, आपल्याही घरी कुणीतरी... "सगळी कंपनीची घडी रे. एकाही डब्याला कुणी हात लावला नाही. लई वाईट वाटलं." मग ते म्हणाले, "म्हणून बायकोला बसवलं पुढ्यात आणि एक फोडली. मार्च कुणी बघितलाय!" आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू म्हणे त्यांना गाडीची गेम शिकवतात. आधीपासून येत नव्हती, पण त्यांच्यापेक्षा लवकर शिकल्या.

मी ऐकत होतो आणि मला पूल दिसत होता.

२८ सप्टेंबर, रविवार

हात नाही. दोनशे बारावरच आहे.

मी ठरवलंय. दसऱ्याला मीच विचारणार. यंदा दसरा गुरुवारी आलाय, गांधी जयंतीही त्याच दिवशी. म्हणजे माझी सुट्टी आणि तिचीही! गावाला जायचं नाही, दोघं घरी. नाही म्हणाली तर म्हणाली. निदान त्या दिवशी हसलो त्याची माफी तरी मागेन. मालोजीभाऊंकडे गिऱ्हाइकाची वाट बघितली, घरी तर तेवढंही नाही करावं लागणार.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी

कंपनीत मशीनची पूजा, पेढे, बाराला सुट्टी. रुपालीच्या कंपनीतही तेच. दीड वाजता दोघंही घरी! दोन वर्षांत असा बुधवार आठवत नाही. चेहऱ्याकडे नीट बघितलं तर तिच्या भुवईच्या वर एक तीळ आहे, तो मी विसरलो होतो.

मी उत्साहात घरातली हत्यारं पूजेला मांडली. पक्कड, पाना, विळी, तिची कात्री, आणि मधोमध गेमचं मशीन, दोन रिमोट, शेजारी दोरीवालीचा डबा. हळद-कुंकू, झेंडूची माळ. मांडून झाल्यावर लक्षात आलं. पूजेला मांडलेल्या हत्याराला आज हात लावायचा नसतो! आख्खी दुपार मोकळी, लाईट आहे, दोघं घरी, मशीन समोर, आणि हात लावता येत नाही. माझ्यासारखा शहाणा मीच!

दोघं झेंडू घातलेल्या मशीनपुढे चहा पीत बसलो. ती एकटक डब्याकडे बघत होती. मी म्हटलं, "उद्या..."

"उद्याचं उद्या," म्हणाली. पण हसली.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

गुरुवार असूनही लाईट होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात रुपालीने पूजेतला डबा उचलला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. "ही पॅकिंग माझी न्हाई. तेरा तारखेलाच कळलं मला. तेव्हापासून थांबलेय, आता एकटीनं कशाला ओढायचं?" मग दुसऱ्या रिमोटवरचं रबर काढून माझ्या मनगटात घातलं, आणि रिमोट माझ्या हातात दिला. सुलटा करून.